उंबऱ्याबाहेरचं पत्र

माझ्या थोरल्या बहिणीने माझ्याशी तीन महिने बोलणं टाकलं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. कारण विचाराल तर आमच्या घरातली एक पेटी. पेटीवर सगळं ढकलून मी मोकळा झालो असतो. पण निम्मं कारण मी स्वतः आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी तुळशीराम. लातूरच्या मार्केट यार्डात छत्तीस वर्षं हमाली केली. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत मला अक्षर येत नव्हतं. पोत्यांवर प्रत्येक आडत्याची खूण असायची. कुणाचा हिरवा त्रिकोण, कुणाच्या दोन लाल रेघा, कुणाचं निळं चाक. त्या खुणांवर मी आयुष्य काढलं आणि एकही पोतं चुकीच्या गाळ्यात टाकलं नाही. पुढे हमालांच्या संघटनेने जेवणाच्या सुट्टीत शेडखाली वर्ग काढला. तिथे दीड वर्षात मी वाचायला लागलो. लिहायला त्याहून वेळ लागला.

माझी बहीण भिवरा अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिला किनवटच्या पुढे वडसोंड गावात दिली. एसटीने सात तास लागतात. ती अक्षर शिकली नाही. "एका घरात एक शहाणा पुरं," म्हणाली. म्हणून आमचा पत्रव्यवहार पहिल्यापासून होता तसा खुणांचाच राहिला. कागदाच्या मधोमध कुंकवाचं एक बोट असलं की सगळे खुशाल. चारही कोपऱ्यांना हळदकुंकू असलं की लग्न, बारसं, काही आनंदाचं. खाली तिचा अंगठा.

तिसरी खूण आमच्याच घरची नव्हे, सगळ्या मुलखाला ठाऊक होती. पत्राचा एक कोपरा फाडलेला असला की मयत. असं पत्र पोस्टमन हातात देताना बोलत नसे. ते घरात न्यायचं नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, किंवा वाचून घ्यायचं, आणि तिथेच फाडून टाकायचं. त्या खुणेचं नावही घरात कुणी काढत नसे.

मग फोन आले आणि खुणा मागे पडल्या. पण फोनचे दिवसही फार टिकले नाहीत. कुणाचाही आवाज दोन मिनिटं ऐकून हुबेहूब तसा बोलणारं यंत्र कुणाच्याही हाती आलं. अक्काला एक दिवस माझ्या आवाजात फोन गेला: "अक्का, गिरजा गेली." मग मदतीला म्हणून काहीबाही मागणी. अक्काने पुढचं ऐकलंच नाही. फोन टाकला, मिळेल ती गाडी धरली आणि सात तास रडत लातूरला आली. दारात येऊन तिने हंबरडा फोडला तेव्हा माझी बायको गिरजा ओसरीवर मेथी निवडत बसली होती.

"आलात तर जेवूनच जा," गिरजा म्हणाली.

अक्का तिच्याकडे बघतच राहिली. मग खाली बसली आणि अर्धी मेथी आपल्याकडे ओढून निवडायला लागली. उठताना तिने सांगून टाकलं, "मरणाची बातमी आजपासनं मी फोनवर घेणार न्हाई आन् देणार न्हाई. कागुद आन् माझा अंगठा. बाकी समदं खोटं."

अक्कासारखं पुष्कळांनी ठरवलं. अनोळखी नंबर उचलणं लोकांनी सोडलंच. महत्त्वाचं असेल ते कागदावर लिहायचं, सेवा केंद्रात त्याचा फोटो काढून ई-मेलला जोडून पाठवायचं, असा रिवाज पडला. अक्काही महिन्याला एक कागद तसाच पाठवायला लागली. केंद्रातली मुलगी काही लिहू का म्हणून विचारायची. अक्का म्हणायची, "अक्षर कुणाचंबी असंल. अंगठा माझाच हाय."

दोन वर्षांपूर्वी गिरजाची मूत्रपिंडं थकली. आता दवाखान्यात फेऱ्या माराव्या लागत नाहीत. रक्त धुण्याचं यंत्र घरीच देतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातला गिरजा खाटेवर आडवी होते. दोन नळ्या हाताला लावायच्या. एका नळीतून रक्त बाहेर येतं, यंत्रात धुतलं जातं, दुसऱ्या नळीतून आत जातं. चार तास. हे यंत्र घरातल्या कॉम्प्युटरवर चालतं, कारण दवाखान्यातले डॉक्टर तिकडे बसून आकडे बघतात आणि औषध कमीजास्त करतात.

त्याच पावसाळ्यात पलीकडच्या जिल्ह्यात अनेक घरी एक ई-मेल आली. सोबत एक कागद जोडलेला, 'रुग्णांसाठी नवे वेळापत्रक'. लोकांनी तो उघडला. उघडल्याबरोबर काही दिसलं नाही, म्हणून विसरून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्या घरांतली यंत्रं एकाच वेळी बंद पडली. त्यात दोन माणसं गेली. त्यानंतर दवाखान्याने नियम केला: ज्या घरात यंत्र, त्या घरात पेटी. पेटीशिवाय यंत्र सुरूच होणार नाही.

पेटी बसवायला नौशीन आली. पंचविशीची, बोलायला मोकळी, मला पहिल्या दिवसापासून मामा म्हणणारी. पेटी दोन विटा एकावर एक ठेवाव्या एवढी. वर नाव कोरलं होतं, 'उंबरा'.

"मामा, पोत्यातला माल कसा तपासायचे तुम्ही?"

"परखी खुपसून," मी म्हणालो. परखी म्हणजे पोकळ टोकदार लोखंडी नळी. पोतं न सोडता आतले मूठभर दाणे बाहेर येतात.

"आणि परखी पोचत नाही तिथं विंचू बसलेला असला तर?"

"तर तो घरी जाऊन चावतो."

"तेच. जुन्या पेट्या परखीसारख्या होत्या. ओळखीचा विंचू सापडला तर अडवायच्या. रोज नवा विंचू निघाला तर काय करणार? ही पेटी विंचू शोधतच नाही. ही पोतंच घरात घेत नाही."

तिने मला समजावलं ते असं. पेटीच्या आत एक बंद खोली आहे. म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच, पण त्याला घरातल्या कॉम्प्युटरकडे यायला वाट नाही. आलेला कागद आधी तिथे उघडतो. त्याला काही जाळायचं असेल, मोडायचं असेल, तर ते तिथेच. मग उघडलेल्या कागदावर जे दिसतं ते पेटी स्वतःच्या हाताने नव्याने काढते आणि ती नक्कल तेवढी एकाच बाजूने उघडणाऱ्या फटीतून आत सरकवते. मूळ कागद त्याच दिवशी नष्ट. पाहुण्याच्या पोत्यातला एकही दाणा आपल्या घरी येत नाही. तसलेच दाणे पेटी आपल्या कणगीतून भरून देते.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती तेव्हा मला नीट कळली नाही. फोटो म्हणजे लाखो ठिपके. वाईट लोक हल्ली हुकूम त्या ठिपक्यांतच लपवतात, आणि लपवायला डाग, सुरकुती, फाटकी कड अशा जागा बऱ्या पडतात. आपल्याला डाग दिसतो, यंत्राला हुकूम वाचता येतो. म्हणून पेटी नक्कल काढताना कागद जसा असायला पाहिजे तसा करते. सुरकुत्या काढते, डाग पुसते.

"म्हणजे इस्त्री करून देते," गिरजा खाटेवरून म्हणाली.

"बरोबर, मामी. इस्त्री."

पुढच्याच आठवड्यात अक्काचा कागद आला. पांढराशुभ्र, खाली अंगठा, मध्ये काही नाही. पेटीने अंगठा सही म्हणून ठेवला, पण कुंकवाचं बोट डाग समजून पुसलं होतं.

गिरजा खवळली. "नागोराव दाजी धडधाकट असताना अक्काचं कुंकू पुसणारी ही कोण? बोलवा त्या पोरीला."

नौशीन आली तो सोमवार होता. गिरजा यंत्रावर होती. दोन्ही नळ्या लाल, यंत्र घरघरतंय. नौशीनने कुंकवाचं ऐकलं आणि हसून कपाळाला हात लावला. "आमच्या लोकांना हे शहरात बसून कसं सुचणार, मामा?" तिने पेटीला सांगून ठेवलं की अक्काच्या कागदावरचे लाल-पिवळे ठसे मुद्दाम केलेले आहेत, ते जसेच्या तसे आत द्यायचे. मग बोटं तशीच कळांवर ठेवून तिने मला विचारलं,

"आणखी काही खुणा असतात का तुमच्यात? आत्ताच सांगा. सगळं एकदम भरते."

तिसरी खूण माझ्या तोंडाशी आली. मी गिरजाकडे बघितलं. अंगातलं रक्त बाहेर फिरत असलेलं माणूस समोर पडलंय, आणि त्याच्यादेखत मी फाटक्या कोपऱ्याचं बोलू?

"नाही," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

गिरजा छताकडे बघत होती. तिलाही ती खूण ठाऊक होती. तीही काही बोलली नाही.

त्यानंतर वर्षभर अक्काचे कागद कुंकवासकट आले. पेटी आम्ही ताब्यात आणली असं मला वाटत होतं.

जूनच्या मध्यावर एक कागद आला. चारही कोपरे धड, कागद कोरा, खाली अंगठा. कुंकू नव्हतं. मी तो दोनदा बघितला. अक्काचं कुंकू संपलं असेल, किनवटचा बाजार लांब, पावसाचे दिवस, असं मनाशी म्हटलं. त्याच आठवड्यात गिरजाच्या हाताची शीर सुजली होती. त्या धावपळीत कागद मागे पडला. मी नेहमीसारखं उत्तर पाठवलं: खुशाल आहोत, गिरजाचं बरं आहे, दाजींना नमस्कार.

जुलैत कागद आला नाही. ऑगस्टमध्येही नाही. अक्काने फोन ठेवणं केव्हाच सोडलं होतं, म्हणून सेवा केंद्राला फोन लावला. अनोळखी नंबर, कोण उचलतंय? सप्टेंबर लागला तेव्हा मी नौशीनला बोलावलं आणि सांगितलं की पेटी पत्रं खाते आहे.

तिने पेटीची नोंदवही उघडली. पेटी आपण केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवते. कागद नष्ट होतो, नोंद राहते.

"जूननंतर त्यांच्याकडून काही आलंच नाही, मामा. पेटीने काही खाल्लं नाही."

"मग जूनचं कुंकू कुठं गेलं?"

"कुंकू मुळातच नव्हतं." ती वाचता वाचता थांबली. "मामा, कागदाचा कोपरा नसणं म्हणजे काही असतं का तुमच्यात?"

दुपार होती, गिरजा यंत्रावरून उठली होती. सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तिने सूप खाली ठेवलं.

नौशीनने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. मी स्वतः वाचलं. 'डावा वरचा कोपरा आढळला नाही. भरला.'

एवढंच. छोटी दोन वाक्यं. मला अक्षर येत नसतं तर बरं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"अंगठा कुणाचा होता?" गिरजाने विचारलं.

"अक्काचाच."

"मग दाजी गेले," गिरजा म्हणाली.

बहिणीचा नवरा गेला की माहेरहून भावाने दुखवट्याचं लुगडं घेऊन जायचं असतं. दहाव्याला भाऊ हवाच. भाऊ मेलेला असला तरच सुटका. आणि मी त्या दहाव्याच्या सुमारास 'दाजींना नमस्कार' असं पत्र पाठवलं होतं. ते तिला केंद्रातल्या मुलीने वाचून दाखवलं असणार.

नौशीनने ती नोंद छापून हातात दिली. "हे दाखवा त्यांना. वेळ आहे, तारीख आहे, सगळं आहे."

मी कागद घेतला. ज्याला अक्षर येत नाही त्याला छापलेला कागद दाखवून काय उपयोग? मी एक्कावन्न वर्षं तसा होतो. छापलेला कागद समोर धरणारा माणूस तेव्हा मला बहुतेक फसवायलाच आलेला असायचा.

"नौशीन, पेटी काढून नेता येईल का? एक दिवस?"

"नाही, मामा. पेटी घराबाहेर गेली तर मामीचं यंत्र सुरूच होणार नाही. वरून माझी नोकरी."

"आज बुधवारची पाळी झाली," गिरजा म्हणाली. "पुढची शुक्रवारी सातला. उद्या मी आन् यंत्र दोघं रिकामे."

"मामी, एसटी बिघडली, रस्ता बंद पडला तर?"

"तर दवाखान्यात नेऊन टाक मला. लातूर सोडून कुठं पळून जात न्हाई मी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या बहिणीनं मी मेले म्हणून सात तास रडत प्रवास केलाय. ती पेटी काढा."

नौशीन उठली. पिशवी खांद्याला लावली. दारात थांबून म्हणाली, "मागची पांढरी वायर आधी काढायची, मग काळी. आणि मी आज इथं आलेच नव्हते."

गुरुवारी पहाटेच्या गाडीने निघालो. शेजारची सुलोचना गिरजाजवळ बसणार होती. दुखवट्याचं लुगडं पिशवीत, पेटी टॉवेलात गुंडाळून मांडीवर, पेटीतली नक्कल दाखवणारा छोटा पडदा खिशात. शंभर किलोची पोती पाठीवरून वाहिली, पण त्या दोन विटांएवढं ओझं कधी वाहिलं नव्हतं. गाडीने धक्का खाल्ला की मी पेटी छातीशी धरायचो. शेजारचा माणूस म्हणाला, "अस्थी हायत का?" मी मान हलवली. नाही म्हणायला म्हणून हलवली होती, पण त्याने हो समजून हात जोडले.

बाराला वडसोंडला पोचलो. अक्का दारापुढच्या कट्ट्यावर मुगाच्या शेंगा सोलत होती. कपाळ मोकळं. हातात बांगडी नाही. नोंद वाचली तेव्हा बातमी कळली होती. खरी ती आत्ता कळली.

"अक्का," मी म्हणालो.

तिने वर बघितलं नाही. "कोण?"

"मी, तुळशीराम."

"तुळशीराम लातूरला असतो. त्याला यायला सवड न्हाई. नमस्कार धाडतो तो. मेल्या माणसाला."

मी लुगडं तिच्यापुढे उंबऱ्यावर ठेवलं. तिने हात लावला नाही. पाणी विचारलं नाही. मी तिथेच खाली बसलो आणि पेटीची सगळी गोष्ट सांगितली. बंद खोली, नक्कल, कोपरा. ती शेंगा सोलत राहिली.

"म्या कोपरा फाडला," ती म्हणाली. "ह्या हातानं फाडला. आन् त्या डब्यानं तो शिवला, असं म्हणनं हाय तुझं?"

"भरला. शिवला नाही."

"डबा काय पोस्टमन हाय व्हय, बातमी बदलाया?"

मी छापलेली नोंद काढली. तिने हनुवटी पुढे केली. "वाच."

मी वाचली.

"लिवली कुणी?"

"पेटीने."

"पेटी कुणाची?"

"माझी."

"आन् वाचली कुणी?"

"मीच."

"बरं हाय," अक्का म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

मी पेटी टॉवेलातून काढून कट्ट्यावर ठेवली आणि दाराजवळच्या प्लगला तिची वायर लावली. "मी वाचून दाखवत नाही. तूच बघ. एक कागद घे, कोपरा फाड..."

"येडा झालास का? माणूस गेल्याबिगर कोपरा फाडत असत्यात का? आनखी कुणाला घालवायचंय तुला?"

तिचं बरोबर होतं. हात झटकून ती उठली, आत गेली आणि वहीचं एक पान घेऊन आली. केंद्रातल्या मुलीने फोटो काढून तिला परत दिलेलं तेच पान. असलं पान खरं तर ठेवायचं नसतं. तिने ठेवलं होतं.

"हेच दाव त्याला."

डाव्या वरच्या बाजूचा कोपरा नव्हता. फाटलेली कड वाकडी होती, जशी घाईत फाटते. मी फोनने त्याचा फोटो काढला, पेटी फोनच्याच नेटला जोडली आणि तो स्वतःलाच ई-मेल केला. पेटीवरचा दिवा लागला. बंद खोलीत तिने तो उघडला, बघितला, नव्याने काढला. दिवा हिरवा झाला आणि छोट्या पडद्यावर पान आलं. चारही कोपरे धड.

अक्काला एका डोळ्याने दिसत नाही. तिने पडदा दुसऱ्या डोळ्याजवळ धरला. मग मांडीवरचं फाटकं पान बघितलं. परत पडदा. पडद्यावरच्या डाव्या कोपऱ्यावर तिने अंगठा फिरवला, काही हाताला लागतं का म्हणून.

"ह्यो हितं कुठनं आला?"

"पेटीने आपल्या मनाने भरला."

"लई गुणाचं हाय," ती म्हणाली. "तुझ्या दाजींचा फोटू दिला असता तर त्येंनाबी भरून दिलं असतं का?"

ती पडदा हातात धरून बसली होती. राग उतरताना दिसत होता, आणि पेटीचं खरं ठरलं म्हणून माझाही जीव भांड्यात पडत होता. तेवढ्यात तिने विचारलं,

"कुंकू येत होतं का रे ह्याच्यातनं?"

"येत होतं."

"त्ये का पुसलं न्हाई ह्यानं?"

"आधी पुसलं होतं. मग आम्ही सांगितलं, कुंकू असू दे म्हणून."

"म्हंजे सांगितलं तर ऐकतंय."

"ऐकतं."

अक्काने पडदा खाली ठेवला. "मग कुंकवाचं सांगितलंस. फाटक्याचं का न्हाई सांगितलंस?"

इतका वेळ मी ज्या गोष्टीवर मांडी घालून बसलो होतो ती तिने अलगद ओढून काढली. विसरलो, असं म्हणता आलं असतं. त्या पोरीने विचारलंच नाही, असंही म्हणता आलं असतं. नोंदवहीत ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

"विचारलं होतं तिने," मी म्हणालो. "आणखी काही खुणा आहेत का म्हणून. मी नाही म्हटलं."

"का?"

"गिरजा समोर होती."

"कुठं?"

"यंत्रावर. नळ्या लावलेल्या. रक्त बाहेर फिरत होतं."

अक्काने दोन शेंगा सोलल्या. दाणे सुपात पडले. तिसरी शेंग हातात घेऊन ती तशीच बसून राहिली.

"तिच्यादेखत कसं बोलशील," ती म्हणाली. "म्याबी बोलले नसते."

मग तिने हात लुगड्याला पुसले, उंबऱ्यावर ठेवलेलं नवं लुगडं उचललं, घडी न मोडता कपाळाला लावलं, आणि रडली. मीही रडलो. तीन महिन्यांमागचं रडणं दोघांनी मिळून केलं. दाजी शेतातून आले, भाकरी मागितली आणि ताटावर बसण्याआधीच गेले, हे तिने मला तेव्हा सांगितलं.

थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाली, "गिरजाचं यंत्र परत कवा?"

"उद्या सकाळी सातला."

"आन् ह्यो डबा हितं?"

"हो."

"आरं मग बसलास काय हितं रडत? तीनची गाडी शेवटची हाय!" तिने सोललेले मूग फडक्यात बांधून माझ्या पिशवीत कोंबले. पेटी स्वतः टॉवेलात गुंडाळली आणि मूल द्यावं तशी माझ्या हातात दिली. तिने चहा केलाच नाही. मला गाडीपर्यंत ढकलत नेलं.

शुक्रवारी सकाळी नौशीन पावणेसातला हजर होती. पेटी जागेवर लावली. यंत्र सुरू होईना. पेटी कुठे होती, याचा हिशोब ते मागत होतं. नौशीन कळा दाबत होती, तिकडे दवाखान्याशी बोलत होती. सव्वासात झाले. गिरजा हात उघडा करून खाटेवर पडलेली, पाय सुजलेले. साडेसात. मी भिंतीला टेकून उभा होतो. अक्काची माफी मिळाली होती आणि तिची किंमत समोर खाटेवर पडली आहे की काय, असं वाटत होतं. सात चाळीसला नौशीनने स्वतःच्या नावावर कसलीशी जबाबदारी घेतली, आणि यंत्र घरघरायला लागलं.

नळ्या लाल झाल्या. नौशीनने कपाळ पुसलं आणि पिशवी उचलली.

"थांब," मी म्हणालो. "एक खूण सांगायची राहिली."

तिने माझ्याकडे बघितलं, मग गिरजाकडे. तिला कळलं होतं. "नंतर सांगा, मामा. बाहेर चला, बाहेर सांगा."

"नको. इथंच." मी खाटेजवळ उभा राहिलो आणि नीट, एकेक शब्द सांगितला. कागदाचा कोपरा फाटलेला असला तर तो भरायचा नाही. जसा फाटलाय तसा दाखवायचा. आमच्यात त्याचा अर्थ माणूस गेलं असा होतो. घरात हे मोठ्याने बोलायची माझी पहिलीच वेळ. आभाळ कोसळलं नाही. यंत्र घरघरत राहिलं.

नौशीनने भरलं. "झालं, मामा. आणखी काही?"

"लिही की," गिरजा खाटेवरून म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. "माझ्या वेळी ह्यांनी एक कोपरा फाडून भागवायचं न्हाई म्हणावं. दोन फाडा. अक्काला एकाच डोळ्यानं दिसतंय, नेमका तोच कोपरा चुकायचा."

नौशीनची बोटं कळांवर थांबली. "मामी, हे पण लिहू?"

"लिही," मी म्हणालो.